काठावरची जलपिंपळी

मेहरूण, जळगाव
३ जून २०२५

चि. नूतन हिस अनेक आशीर्वाद.

माझ्या हातांनी आजवर जे झालं ते आधी लिहितो, म्हणजे पत्र कोणाचं याची शंका राहणार नाही. बागेतली तळी सतरा. पहिलं भुसावळला, रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांच्या अंगणात, सहा फूट बाय चार. ते गळलं. बाकीची सोळा गळली नाहीत. लूनाच्या चाकावर बसवलेली हातगाडी एक. सिमेंटचे दगड पाडायचे सागवानी साचे तीन. पिंपात काथ्या, कोळसा आणि वाळू भरून केलेलं गाळणं, ज्यातून पाणी फिरलं की तळाला पडलेला रुपया छापा की काटा ते वरून वाचता येतं. आणि ट्रकच्या कमानपाट्याचं एक लहान खुरपं, बाभळीच्या मुठीचं, सहा वर्षांच्या मुलीच्या हाताच्या मापाचं. ते तू जाताना इथेच ठेवून गेलीस. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. कामाचंच आहे.

दाणाबाजारातल्या अभयशेठांच्या बंगल्यातलं तळं पुन्हा हातात घेतलं आहे. गेल्या श्रावणात त्यांच्या आई, सायरबाई, तिथे पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर शेठांनी काठावरचं सगळं हिरवं उपटून टाकायला लावलं होतं, ते तुला ठाऊक आहे. वर्षभर काठ उघडा पडलाय. वाऱ्याने माती पाण्यात जाते, पाणी चहासारखं झालंय, आणि उन्हाने काठाच्या सिमेंटला दोन भेगा गेल्यात, एक नऊ इंच, एक चौदा. सायरबाई आता वॉकर धरून चालतात. तळ्यापलीकडच्या ओट्यावर पूर्वीसारखे कबुतरांना दाणे टाकायला स्वतः जायचं म्हणतात. शेठ म्हणाले, "योगराजभाऊ, चौमास लागायच्या आत करून द्या." म्हणजे नऊ जुलैपर्यंत.

तर काठाला जमीन झाकणारं काय लावावं, एवढाच प्रश्न आहे. माझं मत असं:

वेडेलिया नको. पिवळी फुलं छान, पण ती झाकत नाही, गिळते. चोपड्याला एका ठिकाणी तिने पाण्याचा नळ गिळलेला मी पाहिलाय.

ब्राह्मी पाण्याच्या अगदी कडेला चांगली. पण पाय पडला तर पान चिरडतं आणि घसरतं.

चिनी गुलाब ढगाळ हवेत उघडत नाही. चार महिने मिटलेलीच फुलं बघायची.

जलपिंपळी. पान बारीक, फूल त्याहून बारीक, पाय पडला तरी दुसऱ्या दिवशी उभी. चव्वेचाळीस अंशांत हिरवी राहते. अजूनही माझ्या मते काठाला याहून चांगलं झाड खानदेशात नाही. त्या प्रकरणात झाडाचा दोष नव्हता.

तुझ्या कॉलेजात याबद्दल काही सांगितलं असेल तर कळव. त्या प्रकरणात तुझं नाव निघालं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. अशा वेळी लोक काहीतरी बोलतातच.

योगराज भारंबे

---

मेहरूण
१६ जून २०२५

चि. नूतन,

तुझं कार्ड पोचलं. जळगाव-धुळे नव्वद किलोमीटर, कार्डाला चार दिवस लागले. त्यावर तीन ओळी: "जलपिंपळी नको. वाटेच्या दोन्ही बाजूंना एक फूट गोटे, मध्ये माती नको. सावलीकडे मोंडो ग्रास. नूतन." वर "आबा" लिहिलेलं नाही, खाली नमस्कार नाही. असो. जागा कमी असते कार्डावर.

मोंडोबद्दल मला शंका आहे. ते गवतासारखं दिसतं पण गवत नाही, हे मला ठाऊक आहे. जिथे लावाल तिथे झुबका करून बसतं, पसरायला वर्षं लावतं. पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचे शेंडे करपतात. बाजारातल्या नर्सरीत मी सहा पिशव्या बघितल्या, सहाहीचे शेंडे तपकिरी. तू म्हणशील सावलीत लावा. तळ्याच्या पश्चिमेला बकुळ आहे, दुपारी अडीचपासून तिची सावली काठावर येते, हे मी पाच दिवस उभं राहून घड्याळ लावून बघितलं. म्हणजे चालेल कदाचित. कदाचित म्हणतोय.

पण एक फूट गोटे? नूतन, काठावरची ती वाट म्हणजे सात दगड होते. प्रत्येक सोळा इंच बाय चौदा, मध्ये पाच इंचांची फट. त्या फटीत जलपिंपळी अशी भरली होती की दगड हिरव्या पाण्यावर तरंगताहेत असं वाटायचं. काठ कुठे संपतो आणि तळं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. तेच तर काम होतं! गोटे टाकले की ते तळं राहणार नाही, हौद होईल.

मी वेगळा उपाय काढला आहे. सायरबाई चौमासात हिरव्यावर पाय देत नाहीत, त्यात जीव असतो म्हणून. त्यांच्या घरात लीलोती म्हणतात त्याला. तर मग हिरवं लावायचंच नाही. पर्पल हार्ट लावायचं. पान, देठ, सगळं जांभळं, एक टिपूस हिरवा नाही. त्यांचा नेमही मोडत नाही आणि माझा काठही झाकला जातो. हे कोणत्या पुस्तकात नसेल.

तुझी आई शेजारी शेंगा सोलत बसली आहे. कोणाला लिहिताय, म्हणून तिने विचारलं. सांगितलं. म्हणाली, "पोरीचं नाव तुमीच घेतलं ना? मंग आता कागद कायले रंगोता? धुळ्याले दर अर्ध्या घंट्याले बस जाते." मी म्हटलं, हे कामाचं पत्र आहे. ती म्हणाली, "हो ना. कामाचंच. तिचं काम गेलं ते."

चंदनशेठांकडचं तुझं काम गेलं हे मला आजच कळलं. ते अभयशेठांचे व्याही आहेत हे माहीत होतं, त्यांच्या देवपूरच्या शाळेची बाग तुला मिळणार होती हे मात्र माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस.

योगराज

---

मेहरूण
२७ जून २०२५

चि. नूतन,

दुसरं कार्ड मिळालं. तीनच शब्द: "वॉकरची रुंदी मोजा." ती मी आधीच मोजायला हवी होती. हे लिहायला मला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर.

वॉकर बावीस इंच. दगड सोळा इंच. म्हणजे वॉकरचे पाय दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच बाहेर, जे काही लावलं असेल त्यावर. जांभळं असो की हिरवं.

तुझं कार्ड यायच्या आदल्या दिवशीच मी पर्पल हार्टची एक कुंडी घेऊन सायरबाईंकडे गेलो होतो. त्या व्हरांड्यात माळ घेऊन बसलेल्या. मी कुंडी समोर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं, पानाची खालची बाजूसुद्धा उलटून दाखवली. त्यांनी माळ मांडीवर ठेवली, चष्मा वर केला आणि इतक्या हसल्या की आतून नातसून हिना धावत आली.

"काय झालं मासा?" घरात सगळे त्यांना मासा म्हणतात.

"अगं ये, ऐक. हा योगराज म्हणतो, जांभळ्यात जीव नसतो! अरे वेड्या, मग माझी जांभळी साडी नेसून मी उभी राहिले तर माझ्यावर पाय देशील का?"

मीही हसलो. हसावंच लागलं. कुंडी परत आणली, ती आता आपल्या दारात आहे.

निघताना त्या म्हणाल्या, "हिरवं लाव रे, जेवढं लावायचं तेवढं लाव. बघायला मला आवडतं. फक्त ते जिथे राहायचं तिथे राहू दे, आणि मला जिथे चालायचं तिथे चालू दे." तू पहिल्या कार्डावर हेच लिहिलं होतंस.

काल मी सातही दगड काढले. पहारीने. पाच अखंड निघाले, दोन फुटले. नवी वाट सलग आखली आहे, तीन फूट दोन इंच रुंद, काळा पाषाण, वरून छिन्नीने टाचून खरबरीत केलेला. बाजूच्या मातीपेक्षा तीन इंच वर. दोन्ही बाजूंना तापीचे गोटे, एक फूट नाही, चौदा इंच. गोट्यांच्या पलीकडे मोंडो, दोनशे तीस रोपं, चार-चार इंचांवर. ब्राह्मी फक्त पलीकडच्या काठाला, जिथे वाट नाही.

तरंगल्यासारखं काही वाटणार नाही आता. वाट वाटेल.

आबा

---

मेहरूण
१० जुलै २०२५

चि. नूतन,

काल, चौमास लागायच्या आदल्या दिवशी, सायरबाई चालल्या. व्हरांड्याच्या पायरीपासून ओट्यापर्यंत एकतीस फूट. मध्ये एकदाच थांबल्या, तेही मासे बघायला. तळं करायचं ठरलं तेव्हा त्यांचा विरोध होता, आठवतं? "पाण्यात एवढे जीव, आणि ते कोंडून पाळायचे?" काल म्हणाल्या, "लाल शेपटीवाला मोठा झाला." ओट्यावर ज्वारी टाकली, कबुतरं यायला जेमतेम मिनिट लागलं. हिना मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, अभयशेठ पायरीवर उभे. शेठांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसलं.

मोंडोतली सात रोपं गेली. बाकी धरली. पहिल्या पावसाने गोटे धुऊन निघाले, पाण्यात माती गेली नाही. तळाचा रुपया दिसतो.

सगळे म्हणाले, योगराजभाऊंच्या हाताला तोड नाही. मोंडो कोणी सुचवलं, गोटे कोणी सुचवले, हे कोणी विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. विचारलं असतं तर बोललो असतो, असं मला वाटतं.

एक मोठं काम येऊ घातलं आहे. तपशील अजून ठरायचा आहे, त्यामुळे आत्ता लिहीत नाही. काम तुझ्या बाजूलाच आहे. आईला सांगितलं, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि मग बराच वेळ पाटा-वरवंट्याचा आवाज येत राहिला. घरात मिक्सर आहे.

तुझ्या कार्डांबद्दल आभार मानायचे राहिले होते.

आबा

---

मेहरूण
३ ऑगस्ट २०२५

नूतन,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पहिल्या तिन्हींत माझी बाजू होती. चौथ्यात अक्षर बिघडलं. हे पाचवं आहे, अक्षर कसंही आलं तरी हेच टाकणार.

पहिल्या पत्रात मी "तुझं नाव निघालं" असं लिहिलं. नाव निघालं नव्हतं, मी घेतलं होतं. कसं ते लिहितो. तुला ऐकून माहीत असेल, पण माझ्याकडून कळलेलं नाही.

दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, अभयशेठ, त्यांचा मुलगा अखिल, सून हिना आणि धुळ्याहून धावत आलेले चंदनशेठ असे चौघं उभे होते. मी चोपड्याहून थेट तिथेच गेलो. शेठ ओरडले नाहीत. हळूच विचारलं, "योगराजभाऊ, वाटेवर ते हिरवं कोणी वाढवलं? आईला दगड दिसलेच नाहीत. हिरव्यावर पाय द्यायचा नाही म्हणून ती कडेच्या कडप्प्यावरून गेली. ओला होता तो."

मी म्हटलं, "ते नूतनने लावलं. ती शिकलेली आहे ना. काठाचं सगळं तिचंच."

हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी ते विसरलेलो नाही. चंदनशेठांनी मान हलवली, तेही आठवतं.

खरं काय होतं ते तुला माहीतच आहे, तरी लिहितो, म्हणजे माझ्या हातचं कागदावर राहील. लावणी मी केली, चार दिवस, गुडघ्यांवर बसून. तू सांगितलं होतंस की दगड मोकळे ठेवा, या घरात चौमास पाळतात, पावसात जलपिंपळी आठवड्याला बारा बोटं धावेल. मी शेठांसमोर तुला म्हटलं, "पुस्तक वाचून तळं होत नाही, बाई." शेठ हसले. तू हसली नाहीस. आणि चोपड्याच्या कामाला बावीस दिवस जायच्या आधी तू म्हणालीस, "आबा, दर रविवारी मी जाऊन छाटते." मी नाही म्हटलं. माझ्या तळ्याला दुसऱ्याची कात्री लागायची नाही, असं म्हटलं. दुसऱ्याची. बावीस दिवस कोणाचीच लागली नाही. सातही दगड बुजले.

तिथे उभं राहून मी काय विचार केला, तेही लिहितो. मला वाटलं, ही पोरगी आहे, लहान आहे, लोक हिला माफ करतील. माझं पोट माझ्या नावावर आहे. तुझं पोट तुझ्या नावावर असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आता हे आज का लिहितोय ते. गेल्या मंगळवारी मोंडोला खत द्यायला गेलो होतो. सायरबाई ओट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. घरात कोणी नव्हतं. म्हणाल्या, "खत नंतर दे. आधी बस."

मी गोट्यांवर बसलो.

"अभयने तुला धुळ्याचं काम दिलं ना? चंदनच्या शाळेचं?"

"बोलणं चाललंय."

"आणि काय अट घातली?"

मी खताच्या पिशवीची गाठ सोडू लागलो. त्यांनीच सांगितलं, "पोरीला त्या कामावर पाऊल ठेवू द्यायचं नाही. मी ऐकलं. माझं हाड मोडलंय रे, कान नाही मोडला."

नूतन, शाळेचं ते काम तुझ्याकडून गेलं आणि माझ्याकडे आलं. मोठं काम म्हणून मी ज्याबद्दल लिहिलं होतं ते हेच. अट मी लिहिली नाही, कारण मी "विचार करतो" असं सांगून आलो होतो, आणि खरोखरच विचार करत होतो.

मग त्या म्हणाल्या, "मी तेव्हा तिकडे व्हरांड्यात बसले होते, माळ घेऊन. तू गुडघ्यांवर होतास. पोरगी म्हणत होती, आबा, दगड मोकळे सोडा, मासांना चालायचंय. तिने मला पाहिलं नव्हतं. मी तिला पाहिलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" असं मी विचारलं. उलटं विचारलं, बघ माझी हिंमत.

"दवाखान्यातून आले तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आठवड्याभराने हिनाच्या तोंडून ऐकलं, की पोरीने घोळ घातला. मला वाटलं, बाप आहे. संवत्सरीला येईल, क्षमा मागेल, सांगेल. तू आलास. आमचं छापील कार्ड घेऊन गेलास. पेढा खाल्लास."

ते कार्ड आपल्या दिवाणखान्यात लावलेलं आहे, सोनेरी अक्षरांचं, अभयशेठांच्या सगळ्या कुटुंबाने वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागितलेली. एवढ्या मोठ्या घराने आपल्याला कार्ड दिलं म्हणून मी त्याला काचेची चौकट केली होती. सागवानाची, स्वतःच्या हाताने.

"मीही चुकले," त्या म्हणाल्या. "वाट बघत बसले. पोरीचं काम गेलं तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आता माझी पाळी मी बघीन. तुझी तू बघ. संवत्सरी याच महिन्यात आहे."

मी खत टाकलं आणि घरी आलो. चौकट उतरवली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे, आई रोज त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे.

तू या पत्राला उत्तर देऊ नकोस. उत्तर आलं तर मी ते मोजत बसेन, किती शब्द आले म्हणून.

आबा

---

मेहरूण
३ सप्टेंबर २०२५

चि. नूतन,

तू उत्तर दिलं नाहीस. मीच नको म्हटलं होतं, तरी पोस्टमनची वेळ सव्वाअकराची आहे हे आता मला पाठ झालं आहे.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शेठांकडे गेलो. बैठकीत दहा-बारा माणसं होती, आत येणाऱ्याला हात जोडत होती, येणारे त्यांना जोडत होते. अभयशेठांनी मला पाहिलं आणि मी उंबऱ्यातून आत येतोय तोच पुढे येऊन हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, योगराजभाऊ. वर्षभरात कळत-नकळत काही बोललो असेन तर क्षमा."

मी ठरवून गेलो होतो की त्यांना बाजूला घेऊन बोलायचं. पण ते चौघांसमोर बोललो होतो, हे बाजूला घेऊन कसं बोलणार? तिथेच सांगितलं. जलपिंपळी मी लावली. नूतनने दगड मोकळे ठेवायला सांगितलं होतं. छाटायला ती जाणार होती, मी जाऊ दिलं नाही. दवाखान्यात मी खोटं बोललो. आणि यंदाची वाट, गोटे आणि मोंडोही तिचंच आहे, मी फक्त खणलं.

शेठांचे हात जोडलेलेच राहिले. मग हळूहळू खाली गेले.

"म्हणजे वर्षभर आम्ही त्या पोरीला..."

"हो."

"धुळ्याला फोन मी स्वतः केला होता, योगराजभाऊ. माझ्या तोंडाने मी चंदनशेठांना सांगितलं, तिला घेऊ नका."

"हो."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "दिवस बरा निवडलात. आज मला रागावता येत नाही." कोणी हसलं नाही. सायरबाई आतल्या दारात वॉकर धरून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अभय, तो बोलला. आता तू ऐक." मग माझ्याकडून तुझा पत्ता मागून घेतला. त्यांचं कार्ड तुला येईल. छापील नसेल, त्या हिनाकडून लिहून घेणार आहेत आणि खाली सही स्वतः करणार आहेत. सही त्यांना येते, फक्त वेळ लागतो.

सगळे गेल्यावर शेठ मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी एक बोलणं केलं, ते शेवटी लिहितो.

त्यानंतर परवा, सोमवारी, मी धुळ्याला गेलो. सकाळी साडेसातची बस, सव्वादहाला देवपूर. चंदनशेठांनी मला ओळखलं. मी उभ्यानेच सगळं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "मुलीचा नंबर लिहून ठेवा इथे. बोलावीनच असं सांगत नाही." मी नंबर लिहिला. तुझं पूर्ण नाव, पदवीसकट. पदवी लिहायची माझी पहिलीच वेळ.

तिथून तू काम करतेस त्या नर्सरीवरून आलो. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. तू टेम्पोतून पिशव्या उतरवून घेत होतीस आणि उतरवणाऱ्याला म्हणत होतीस, "दादा, शेंड्याला नाही, बुडाला धरा." हे मी तुला शिकवलं होतं की तू मला, ते आता मला नक्की आठवत नाही. पिशव्या मोंडोच्या होत्या, सावलीच्या जाळीखाली ठेवलेल्या, एकाचाही शेंडा करपलेला नव्हता. मी आलो नाही आत. बोलावलं नव्हतंस. पावणेदोनच्या बसने परत आलो.

खुरपं आईबरोबर पाठवतो आहे, ती रविवारी येईल. धार लावली आहे. मूठ तुझ्या हाताला आता लहान पडेल, म्हणून बदलली, सव्वापाच इंचांची केली. नको असेल तर आईजवळ परत दे, मी काही समजणार नाही.

अभयशेठांचं बोलणं असं होतं. धुळ्याचं काम माझ्याकडेच ठेवायचं. तीन तळी, सहाशे फूट काठ. आधीची अट काढून टाकली. तुलाही बरोबर घ्यायला हरकत नाही, म्हणाले. फक्त चंदनशेठांना जुनं काही सांगायचं नाही. व्याही आहेत, आपल्या फोनवरून त्यांनी चुकीच्या माणसाला नाकारलं हे त्यांना कळलं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं म्हणाले. म्हणजे तू माझ्या हाताखाली आली असतीस, आणि धुळ्यात तुझं नाव होतं तसंच राहिलं असतं. मी फाटकाची कडी लावली आणि नाही म्हटलं. सामान-मजुरी सोडून निव्वळ माझ्या हाताचे त्यांनी नऊ लाख सत्तर हजार रुपये सांगितले होते.

आबा